डबीवर दोन टोले

मोजी
१८ जानेवारी २०२३

प्रिय इसाओ,

तू पाठवलेली नोरी पोचली. तुझ्या ताईने डबा उघडला आणि निम्मी पानं शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकली. माझ्या वाट्याला आली ती मी भातावर चुरून खाल्ली. तुमच्या खाडीतल्या शेवाळाच्या या नोरीची चव आमच्या बंदरात कुठेही मिळत नाही, हे तू दर वर्षी माझ्याकडून वदवून घेतोस, ते याही वर्षी लिहून देतो.

मला सत्त्याहत्तरावं लागलं. गुडघे जिना चढताना आवाज करतात. बाकी ठीक.

आता कामाचं. प्रांताच्या जलविभागाचं पत्र आलंय. तुझं अशिनुमाचं उपसा केंद्र आणि त्याच आराखड्यावरून नंतर बांधलेली तीन, अशी चारही केंद्रं जूनपासून माणसांशिवाय चालवायची असं चाललंय. राजधानीत एका खोलीत बसून एक जण बटण दाबणार आणि चार ठिकाणचे पंप गावांत साठलेलं पाणी खाडीत फेकणार. मूळ आराखडा माझा, म्हणून मला विचारलंय, की जवळ माणूस नसताना यंत्रणा भरवशाची आहे का?

मी हसलो. सव्वीस वर्षांत तीनशे बारा वेळा पंप सुरू केले आणि सुरू व्हायचं एकदाही राहिलं नाही! माझ्या बाकीच्या कामांबद्दल न बोललेलंच बरं, काहींवर ठपके आले ते तुला माहीत आहेत. पण अशिनुमाकडे बघून मी स्वतःला बरा इंजिनियर म्हणू शकतो. तेवढं एकच काम तसं आहे.

नोंदवहीचा गोषवारा पाठव. फेब्रुवारीअखेरपर्यंत अभिप्राय द्यायचा आहे.

तेइजी

ता.क. ताई म्हणते, अंगात लोकरीचं घालत जा. मी म्हटलं, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला हे सांगायचं असतं का? तर म्हणाली, धाकटा भाऊ कधीच अठ्ठावन्नाचा होत नसतो.


अशिनुमा
४ फेब्रुवारी

आदरणीय दाजी,

नमस्कार. काल सणाच्या रीतीप्रमाणे केंद्रावर भाजलेले सोयाबीन फेकून राक्षस हाकलला. राक्षस दर वर्षी ओगुरोदादाच होतात. अडुसष्ट वर्षांचा राक्षस पळता पळता इंजिनाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आता मारा, मी काही उठत नाही." रात्रपाळीचा पोरगा धरून आम्ही तिघेच आता, त्यामुळे राक्षस पळाला काय नि बसला काय.

गोषवारा सोबत आहे. प्रत्येक पानावर शेवटच्या रकान्यात एकच ओळ आहे, "विशेष काही नाही." खाली सहीऐवजी आमचे शिक्के.

दाजी, केंद्र आता जुनं झालंय. इथला गाळ तुम्हाला माहीत आहेच. ओहोटीला खाडी उघडी पडली की नजर पोचेल तिथवर चिखल, आणि पाण्याबरोबर तो आत येतोच. ओगुरोदादा म्हणतात, यंत्राशेजारी माणूस असलेला बरा, निदान हाक मारायला तरी. तुम्ही अभिप्राय लिहिताना एखादं वाक्य जरा जपून घालता आलं, तर बघा. माझा आग्रह नाही. तुम्हाला जास्त कळतं.

ताईला सांगा, लोकरीचं घातलंय.

इसाओ


मोजी
९ फेब्रुवारी

प्रिय इसाओ,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? तिघांच्या नोकरीची काळजी वाटत असेल तर सरळ म्हण. तुझी दोनच वर्षं राहिली आहेत, तेवढ्यापुरतं तुला कचेरीत कुठेही सामावून घेतील. ओगुरोची मुदत तर आधीच दोनदा वाढवून झाली. मला वाईट वाटतं, पण वाईट वाटतं म्हणून मी अभिप्रायात पाणी घालणार नाही.

आणि यंत्राला हाक ऐकू येत नाही! इतकी वर्षं तू त्याच्याजवळ काढलीस, तरी मला पुन्हा धडा द्यावा लागतो. बटण दाबलं की पंपातली हवा ओढून काढली जाते. पाणी वर चढतं. पंप भरला की बाजूच्या डबीतला गोळा तरंगत वर येतो. गोळा वर आला की इंजिन सुरू. तीन मिनिटांत तो वर आला नाही, तर यंत्र आपणहून कागदावर छापतं, "सुरू झाले नाही." असा कागद सव्वीस वर्षांत एकदाही निघालेला नाही. यात माणसाचा हात कुठे आहे? मी काढलेल्या एकशे चाळीस पानांत तर तो कुठेच नाही.

रागावू नकोस. म्हातारपणी एवढं एक तरी माझं निर्मळ राहू दे.

तेइजी


अशिनुमा
२४ फेब्रुवारी (कार्ड)

दाजी, सही करण्याआधी मला एकदा भेटा. नाहीतर मी येतो. रविवारी चालेल का?

इसाओ


मोजी
२७ फेब्रुवारी

प्रिय इसाओ,

तुझं कार्ड आज मिळालं. अभिप्राय शुक्रवारीच गेला. "यंत्रणा माणसाच्या उपस्थितीविना पूर्ण भरवशाची आहे" असं लिहून खाली शिक्का मारला. तू रविवारी आलास तर ये, तुझी ताई कोंड्यात शिजवलेल्या तारल्या करणार आहे. पण त्या विषयावर बोलायचं नाही.

कार्डावर तू नमस्कारही लिहिला नाहीस, म्हणून ताई मघापासून विचारतेय, "त्याची तब्येत बरी आहे ना?" तेवढं कळव.

तेइजी


अशिनुमा
५ मार्च

आदरणीय दाजी,

माझी तब्येत बरी आहे. मी आज सकाळी स्टेशनपर्यंत आलो होतो. तिकीट काढलं आणि बाकावर बसून राहिलो. तोंडावर बोलायला जमणार नाही हे कळलं, म्हणून लिहितो. हे पत्र ताईसमोर वाचू नका.

गोळा वर येत नाही.

म्हणजे कधी येतो, कधी येत नाही. पंपापासून डबीपर्यंत जी आडवी नळी आहे, तिच्यात गाळ बसतो. गोळा खालीच चिकटून राहतो. मग डबीवर दोन हलके टोले मारायचे. गाळ सुटतो, गोळा उठतो. आमच्यातला एक जण बोट दाखवून "गोळा वर!" अशी हाक मारतो आणि इंजिन सुरू होतं. हे सगळं तीन मिनिटांच्या आत. म्हणून तुमचा तो कागद कधी निघाला नाही.

उद्घाटनाचा दिवस तुम्हाला आठवतो? पाहुण्यांनी साकेच्या पिंपाचं झाकण लाकडी मोगरीने फोडलं, सगळ्यांनी पेले भरले आणि मंत्र्यांनी बटण दाबलं. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, काही सुचेना. ओगुरोदादांच्या हातात ती पिंपाची मोगरी होती. ते सहज चालत डबीपाशी गेले, जणू काही शुभ म्हणून, आणि दोनदा टक टक केलं. इंजिन सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पहिल्या रांगेत उभे होतात, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं.

तीच मोगरी आजही डबीशेजारच्या खिळ्यावर आहे.

पुढची केंद्रं बांधली तेव्हा तिथल्या माणसांना शिकवायला ओगुरोदादांनाच पाठवलं होतं. त्यांनी काय शिकवलं असेल, ते तुम्ही समजून घ्या.

नोंदवहीत लिहायला हवं होतं. पण नवा माणूस आला की त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, टोले हातात, वहीत नाही. जे आपल्या हातांनी निभतं ते वर कळवायचं नसतं, वरच्यांना खाली बघायला लावायचं नसतं, असं आम्हाला आमच्या वरच्यांनी शिकवलं. झाकली मूठ. आणि आराखडा माझ्या दाजींचा होता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून माझ्यासमोर तर कुणी चकार शब्द काढला नाही. का नाही सांगितलं, हे याहून जास्त मला विचारू नका.

केंद्राच्या मागे सखल भागात नऊशे घरं आहेत. जूनमध्ये पाणी चढेल, राजधानीतला माणूस बटण दाबेल आणि तीन मिनिटांनी त्याच्या कागदावर ती ओळ छापली जाईल. तेव्हा डबीपाशी कुणी नसेल.

तुमचा शिक्का त्या कागदावर आहे. मला आणखी लिहवत नाही.

इसाओ


मोजी
२६ मार्च

४ एप्रिलला सकाळी अकराला पोचतो. चाचणीची परवानगी काढून ठेव. डबीला कुणीही हात लावायचा नाही.

तेइजी


अशिनुमा
६ एप्रिल

आदरणीय दाजी,

तुम्ही चहा न घेता गेलात. ओगुरोदादांनी खास नवा चहा आणला होता, तो तसाच राहिला.

तीन मिनिटं इतकी लांब असतात हे मला परवा कळलं. तुम्ही घड्याळाकडे बघतच नव्हतात, डबीच्या काचेला नाक लावून उभे होतात. ओगुरोदादांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते आणि उजव्या हाताने डावा मनगटापाशी घट्ट धरून ठेवला होता. सव्वा मिनिटाला त्यांचा पाय पुढे पडला, मी त्यांची बाही ओढली. मग तो कागद निघाला. तुम्ही तो वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

दारात तुम्ही विचारलंत, "सव्वीस वर्षांत एक पत्र लिहिता आलं नाही?" मी मान खाली घातली.

तुम्ही बसमध्ये चढल्यावर ओगुरोदादा आत गेले. मला वाटलं कपडे बदलायला गेले. तेवढ्यात टक टक ऐकू आलं आणि इंजिन सुरू झालं. त्यांनी ते दहा मिनिटं चालू ठेवलं. मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणाले, "बंद पडलेलं यंत्र मागे ठेवून घरी जायची सवय नाही मला." मग पायरीवर बसून बराच वेळ रडले. त्यांना तुमच्या अपमानाचं दुःख होतं, की स्वतःच्या, हे मी विचारलं नाही. मलाही रडू येत होतं, पण दोघांनी एकदम रडायचं म्हणजे फारच झालं असतं.

तो कागद सोबत पाठवतोय. तुमचा आहे.

इसाओ


मोजी
३ मे

प्रिय इसाओ,

कागद मिळाला. मी रागावलो होतो. अजूनही आहे, पण नक्की कुणावर ते कळेनासं झालंय.

तुझं मार्चमधलं पत्र मी ताईसमोर वाचलं नव्हतं. पण अशिनुमाहून परत आल्यावर लपवायला काही राहिलंच नाही. मी तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुळा किसता किसता ती म्हणाली, "मीच सांगितलं होतं त्याला. उद्घाटनानंतरच्या नववर्षाला तो आला होता तेच मुळी तुम्हाला सांगायला. तुमचं पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आधीच्या कामावर ठपका आलेला, तुम्ही जेवत नव्हतात. मी म्हटलं, दाजी बरे होऊ देत, मग सांग."

मी विचारलं, "मग मी बरा झालोच नाही का?"

"झालात की. पण तोवर दुसऱ्या केंद्राचं काम निघालं होतं आणि तुम्ही हसायला लागला होतात."

तू तिचं नाव घेतलं नाहीस. ते बरं केलंस, की वाईट, मला ठरवता येत नाही.

मग मी बाकीच्या तिन्ही केंद्रांवर जाऊन आलो. बस, पुन्हा बस, आणि हे गुडघे. सगळीकडे कमरेत वाकून नमस्कार झाले, चहा झाला. मी सगळीकडे एकच विचारलं, "पंप सुरू करताना काही अडचण?" तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं, "विशेष काही नाही." आणि तिन्ही ठिकाणी डबीशेजारी खिळा होता आणि खिळ्यावर मोगरी होती, एकाच बाजूने झिजलेली. एका ठिकाणी तर डबीला खरचटू नये म्हणून मोगरीला जुन्या किमोनोचं कापड शिवलं होतं, बारीक टाके घालून. तिथल्या बाईंना विचारलं, हे कशासाठी? त्या म्हणाल्या, "दार अडकतं." मी आजूबाजूला बघितलं. त्या खोलीला दारच नव्हतं, सरकता पत्रा होता.

हसू आलं, इसाओ. बसमध्ये बसल्यावर हसू गेलं.

मी आराखडा काढून बसलो. नळी मी आडवी काढली होती. नदीचं पाणी धरून काढली होती, तुमच्या खाडीचा चिखल धरून नाही. जागा बघायला मी चारदा आलो होतो, चारही वेळा भरतीला. हातभर नळी उतरती करायची आणि वर गोड्या पाण्याचा एक नळ ठेवायचा, सुरू करण्याआधी नळी धुऊन निघेल असा. दोन माणसांचं एका दुपारचं काम. पेन्सिलीने काढायला मला चाळीस मिनिटं लागली.

तेव्हा पत्र आलं असतं तर मी तासभर लाजलो असतो, आणि मग पेन्सिल उचलली असती. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझी तासभराची लाज वाचवलीत आणि मला सव्वीस वर्षांचा अभिमान दिलात. तो आता कुठे ठेवू?

तुम्हाला बोल लावतो आणि स्वतःला सोडतो, असं नाही. तीनशे बारा वेळा आणि अपयश शून्य. असा आकडा दुसऱ्या कुणाचा असता तर मी पहिल्याच वर्षी म्हटलं असतं, कुठेतरी पाणी मुरतंय, बघायला हवं. मला शंका आली नाही, कारण तो आकडा माझा होता.

जलविभागाला लिहिलं. अभिप्राय मागे घेतला. "आराखड्यात चूक आहे आणि ती माझी आहे. चालवणाऱ्यांनी ती हातांनी भरून काढली," एवढंच लिहिलं. कुणाचं नाव घातलेलं नाही. तिथले साहेब फोनवर फार अदबीने बोलले, आणि अदबीने बोलणाऱ्या माणसाला नेमकं किती वाईट वाटलंय ते कळत नाही. चारही ठिकाणी नळ बसवणार आहेत. या पावसाळ्यात डबीला हात न लावता पंप चालवून बघायचे, तोवर माणसं राहतील. नीट चाललं तर ऑक्टोबरपासून तुमची गरज उरणार नाही. हेही मलाच लिहावं लागलं. मला माफ कर.

नोंदवहीत आता जे होईल तेच लिही.

तेइजी


अशिनुमा
१२ जून

आदरणीय दाजी,

२० मे रोजी नळ बसले. दोन माणसं आली, जेवून कामाला लागली आणि चारच्या चहाच्या आधी हत्यारं आवरून निघून गेली. ओगुरोदादा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, "एवढंच होतं?" दिवसभर ते तेवढंच म्हणत होते.

या ९ तारखेला दुपारी पाणी चढलं. सखल भागातले रस्ते घोट्यापर्यंत भरले. बटण मीच दाबलं. ओगुरोदादा डबीपासून चार पावलांवर उभे राहिले, दोन्ही हात खिशात. मोगरी खिळ्यावर होती. तिच्याकडे ते बघत नव्हते, पण न बघणंही दिसत होतं.

गोळा हलला. मग उठला. ओगुरोदादांनी खिशातून हात काढला, बोट दाखवलं आणि "गोळा वर!" अशी हाक मारली. इंजिन सुरू झालं. संध्याकाळपर्यंत रस्ते उघडे पडले. नऊशे घरांपैकी एकाच्याही उंबऱ्याच्या आत पाणी गेलं नाही.

ओगुरोदादा मला म्हणाले, "मग मी आज कशाला आलो होतो रे?" मी चहा ठेवला. तुमच्यासाठी आणलेला तोच नवा चहा. आता तो तितकासा नवा राहिलेला नाही.

ऑक्टोबरनंतर मला कचेरीत बसवणार आहेत, कागद लावायला. ओगुरोदादा घरी जातील. त्यांच्या बायकोने आत्ताच बजावलंय, की घरात कशावरही टकटक करायची नाही. दाजी, तुम्ही माफी मागितलीत ते वाचून मला लाज वाटली. या सगळ्यात आम्ही तुम्हाला एकट्याला ठेवलं, इतकी वर्षं, आणि आम्हाला वाटत होतं आम्ही तुम्हाला जपतोय. ताईवर रागावू नका. रागवायचंच असेल तर माझ्यावर रागवा, मी स्टेशनवरून परत फिरलो होतो.

मोगरी वेगळ्या पार्सलने पाठवतोय. इथे ती आता लागत नाही आणि टाकवतही नाही. नोरीही आहे थोडी, ताईला सगळी वाटू देऊ नका.

त्या दिवशी नोंदवही उघडली तेव्हा शेवटच्या रकान्यापाशी हात सवयीने "विशेष" लिहायला गेला. ओगुरोदादांनी माझं मनगट धरलं. मग मी लिहिलं, "गोळा ४८ सेकंदांत आपणहून वर आला. टोले शून्य." खाली तिघांचे शिक्के मारले.

दाजी, हे शून्य खरं आहे. हे तुमचं.

इसाओ